दाबाखाली तडकणाऱ्या दगडाचा आवाज कसा नोंदवावा

काळ्या दगडाचा कोअर (ड्रिलने काढलेला दंडगोल नमुना) सीटीएममध्ये, म्हणजे दाबचाचणी यंत्रात, उभा करून लोड वाढवत नेला, की तो फुटण्याच्या थोडे आधी बारीक तडतड ऐकू येऊ लागते. कोल्हापुरात बांधकाम-साहित्याच्या चाचण्या करणाऱ्या कोणालाही हा आवाज नवा नाही. मशीनवरचा ऑपरेटर ‘आता बोलायला लागला’ असे म्हणून काट्यावर नजर ठेवतो आणि शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मागे सरकायला सांगतो. मात्र कानाला ऐकू येणारी ही तडतड फार उशिराची असते. दगडाच्या आत तडे पडायला त्याच्या पुष्कळ आधी, बऱ्याचदा अखेरच्या लोडच्या निम्म्याच्या आसपासच सुरुवात झालेली असते आणि त्या प्रत्येक तड्यातून लवचीक लहरींचा एक अत्यंत अल्पकालीन स्पंद बाहेर पडत असतो. या स्पंदातील बरीचशी ऊर्जा २० किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे कानाच्या टप्प्यापलीकडे असल्यामुळे तो ऐकू येत नाही. पण योग्य सेन्सर दगडाला नीट टेकवला तर तो नोंदवता येतो. या नोंदीलाच ध्वनिउत्सर्जन चाचणी म्हणतात.

ही चाचणी प्रथमच करू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे. एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक वाटते. आजच्या उपकरणांवर हजारो स्पंद मोजणे मुळीच कठीण नाही. मोजलेला स्पंद दगडाचाच आहे, यंत्राचा नाही, हे दाखवणे कठीण आहे, आणि ज्या नोंदीत ते दाखवलेले नाही तिच्यावरून काढलेला आलेख कितीही सुबक दिसला तरी तो विश्वासार्ह धरू नये.

आवाज नेमका कशाचा

दगड, वीट, काँक्रीट, काच आणि बीड (ओतीव लोखंड) हे ठिसूळ पदार्थ दाबाला बळकट असतात, पण ताणाला कमजोर. १९२१ मध्ये ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, पदार्थात आधीपासून असलेल्या सूक्ष्म चिरांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि म्हणून पदार्थ त्याच्या सैद्धांतिक बळाच्या कितीतरी आधी तुटतो. पुढे त्यांच्याच विचारसरणीतून असे निघाले की, दाबाखालील सामर्थ्य ताणाखालील सामर्थ्याच्या सुमारे आठपट असावे. प्रत्यक्षात अनेक दगडांत ते त्याहूनही अधिक आढळते. वरून दाब देत असताना आत ताण कुठून येतो, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो योग्यच आहे. तिरकी असलेली एखादी जुनी चीर दाबाखाली किंचित घसरते, तेव्हा तिच्या दोन्ही टोकांशी पदार्थ ओढला जातो आणि तेथून पंखांसारखे दोन नवे तडे फुटून ते हळूहळू दाबाच्या दिशेने वळतात. असा एक तडा थोडा वाढून थांबतो. दाब वाढला की आणखी थोडा वाढतो. असे असंख्य तडे एकमेकांजवळ आले, की ते जुळतात आणि तिरकी भेग तयार होऊन नमुना फुटतो.

या क्रमाचे टप्पे आवाजात उमटतात. आरंभी जुन्या चिरा मिटताना थोडे क्षीण स्पंद येतात. मग शांतता असते. अखेरच्या सामर्थ्याच्या साधारण ३० ते ५० टक्क्यांवर नवे तडे सुरू होतात व स्पंद पुन्हा येऊ लागतात, आणि ७० ते ८० टक्क्यांच्या पुढे त्यांची संख्या इतक्या वेगाने चढते की लोड तेथेच थांबवला तरी ते थांबत नाहीत. हे आकडे दगडागणिक बदलतात, त्यामुळे ते मार्गदर्शक म्हणूनच वापरावेत.

नमुना निवडणे आणि तयार करणे

कोल्हापूरच्या परिसरात या कामासाठी साहित्याची वाण नाही. खाणीतला घट्ट काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, हा पहिल्या चाचणीसाठी उत्तम, कारण त्याची मधली शांतता स्पष्ट असते आणि तडे सुरू होण्याची जागा आलेखावर ओळखता येते. पन्हाळ्याच्या पठारावर बेसॉल्टच्या माथ्यावर असलेला जांभा याच्या अगदी उलट वागतो. तो सच्छिद्र असल्यामुळे जवळजवळ पहिल्या लोडपासूनच त्याच्या पोकळ्यांच्या भिंती मोडत जातात आणि आवाज झुंडीझुंडीने येतो. सच्छिद्र पदार्थांचे हे वागणे अभ्यासण्याजोगे आहे. २०१३ मध्ये बार्सिलोना व केंब्रिज येथील संशोधकांनी व्हायकॉर नावाची सच्छिद्र काच दाबून तिच्या आवाजांची सांख्यिकी भूकंपांच्या सांख्यिकीशी जुळते, असे दाखवले होते. वीट आणि काँक्रीटचा क्यूब हे मधले पर्याय आहेत. फाउंड्रीच्या या शहरात बिडाचा दंडगोल मिळवणेही सोपे आहे, पण त्याला मोठा लोड लागतो आणि त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे लहरी लवकर विरतात, म्हणून तो आरंभी घेऊ नये.

दगडाचा कोअर शक्यतो ५४ मिलिमीटर व्यासाचा आणि व्यासाच्या दोन ते अडीच पट उंचीचा असावा. दगडाच्या दाबचाचणीसाठी आयएस ९१४३ हे भारतीय मानक आहे, ते समोर ठेवूनच काम करावे. दोन्ही टोके घासून सपाट व एकमेकांना समांतर करावीत. पोलादी पट्टी टोकावर उभी धरून मागून उजेड पाडावा आणि फटीतून प्रकाश दिसतो का ते पाहावे. टोके सपाट करण्याऐवजी गंधकाचे किंवा प्लास्टरचे कॅपिंग करण्याची, म्हणजे टोकांवर त्याचा सपाट थर चढवण्याची, सवय अनेकांना असते. नेहमीच्या सामर्थ्य-चाचणीत ती चालते, परंतु येथे ती टाळावी, कारण कॅपिंग स्वतःच ठिसूळ असते, दगडाच्या आधी तडकते आणि त्याचे स्पंद दगडाच्या नावावर जमा होतात.

वाळवण्याबाबत एक खबरदारी घ्यावी लागते. पावसाळ्यात आपल्याकडे दगड ओलावा धरतात आणि ओला दगड कमी लोडला फुटतो, म्हणून नमुना ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवण्याची रीत आहे. पण आपल्या बेसॉल्टमध्ये पुष्कळदा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या पोकळ्या असतात आणि त्या झिओलाइट खनिजांनी भरलेल्या असतात. झिओलाइट तापवले की त्याच्या रचनेतील पाणी निघून जाते आणि चाचणीपूर्वीच आत बदल घडतो. असे ठिपके दिसले तर ४० ते ५० अंशांवर अधिक दिवस वाळवावे आणि वजन स्थिर झाल्याची खात्री करून घ्यावी.

सेन्सर टेकवणे आणि तपासणे

दगडासाठी सामान्यतः १५० किलोहर्ट्झच्या आसपास अनुनाद असलेला पिझोइलेक्ट्रिक सेन्सर (कंपनाचे विद्युत-संकेतात रूपांतर करणारा) वापरतात. त्याच्यामागे क्षीण संकेत वाढवणारा ४० डेसिबलचा प्रीअँप्लिफायर आणि त्यामागे नोंदणी-यंत्र अशी साखळी असते. येथील डेसिबल हे हवेतील आवाजाचे नाहीत. सेन्सरच्या टोकाशी एक मायक्रोव्होल्ट म्हणजे शून्य डेसिबल, असे त्यांचे मोजमाप आहे, त्यामुळे ४० डेसिबलची उंबरठा-पातळी (जिच्या खालचे संकेत उपकरण नोंदत नाही ती) म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट, आणि प्रीअँप्लिफायरनंतर १० मिलिव्होल्ट.

गोल कोअरवर सपाट सेन्सर फक्त एका रेषेत टेकतो. म्हणून त्या जागी सेन्सरच्या व्यासाएवढा भाग बारीक पॉलिश-पेपरने अलगद सपाट करावा, कापडाने धूळ पुसावी, व्हॅक्यूम-ग्रीसचा मुगाच्या दाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवावा आणि सेन्सर किंचित गोल फिरवत दाबावा, म्हणजे हवेचे बुडबुडे बाहेर निघतात व ग्रीसचा थर पातळ होतो. जाड थर हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे. सेन्सर रबर-बँडने धरावा, चिकटपट्टीने नव्हे. चिकटपट्टी लोड वाढताना सुटू लागते आणि सुटताना तिचाही आवाज होतो.

यानंतरची पायरी कोणीही वगळू नये. साध्या मेकॅनिकल पेन्सिलीतून ०.५ मिलिमीटरचे शिसे ३ मिलिमीटर बाहेर काढावे, दगडाच्या पृष्ठभागाशी सुमारे ३० अंशांचा कोन करून टेकवावे आणि हळूच दाबून मोडावे. शिसे मोडताना बोटाला एक अगदी लहानसा धक्का जाणवतो आणि त्याच क्षणी पडद्यावर एक उंच, तीव्र चढणीचा स्पंद उमटतो. शिशाच्या या तुटण्याला दोन संशोधकांच्या नावावरून सू-निल्सन स्रोत म्हणतात, आणि त्याची पुनरावृत्ती इतकी चांगली असते की जगभर तोच कस लावला जातो. प्रत्येक सेन्सरजवळ सारख्याच अंतरावर तीन-तीन वेळा शिसे मोडावे. एखाद्या सेन्सरची सरासरी इतरांपेक्षा तीन-चार डेसिबलपेक्षा अधिक वेगळी येत असेल, तर ग्रीस पुसून तो पुन्हा बसवावा. चाचणीनंतर नमुना शाबूत राहिला असेल तर हीच तपासणी पुन्हा करावी.

सेन्सर दोन असले तर स्पंद नमुन्याच्या कोणत्या उंचीवरून आला तेही काढता येते. घट्ट बेसॉल्टमध्ये लहरीचा वेग सेकंदाला ५ ते ६ किलोमीटर, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ५ ते ६ मिलिमीटर असतो. दोन सेन्सरमधील अंतरातून वेग आणि वेळेतील फरक यांचा गुणाकार वजा करून उरलेल्याचे अर्धे केले, की स्पंद आधी पोहोचलेल्या सेन्सरपासूनचे अंतर मिळते. वेग पुस्तकातून घेऊ नये. एका टोकाशी शिसे मोडून तो त्याच कोअरवर मोजावा.

यंत्राचा आवाज वेगळा काढणे

आता मुख्य कामाकडे येऊ. सीटीएम हे आवाजाचे भांडार आहे. पंपातील तेल, झडपा, वरच्या प्लेटचा गोलाकार सांधा, प्लेट आणि नमुना यांच्यामधील घर्षण, टोकाशी चिरडणारे दोन-चार कण या सर्वांतून स्पंद निघतात आणि ते पोलादातून सहजपणे दगडात येतात.

सर्वांत आधी खोटा नमुना तपासावा. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागातील कोणत्याही टर्नरकडून ईएन-८ पोलादाचा, आपल्या कोअरच्याच मापाचा दंडगोल करून घ्यावा, टोके ग्राइंड करून घ्यावीत, त्यावर त्याच जागी सेन्सर बसवावेत आणि दगडाला द्यायचा तेवढाच लोड त्याच वेगाने द्यावा. या लोडला पोलादात तडे पडत नाहीत. त्यामुळे या चाचणीत जे स्पंद नोंदले जातील ते सगळे यंत्राचे आणि सांध्यांचे. किती लोडला किती आले, त्यांची उंची किती होती, याचा आलेख काढून तो भिंतीवर लावावा. उंबरठा-पातळी किती ठेवायची हे यावरूनच ठरवावे. दुसऱ्याच्या प्रबंधातील ४० किंवा ४५ डेसिबलचा आकडा उचलून वापरू नये.

दुसरी युक्ती पहारेकरी सेन्सरची आहे. वरच्या आणि खालच्या प्लेटवर एकेक सेन्सर लावावा. यंत्राचा किंवा टोकाचा आवाज आधी प्लेटवरच्या सेन्सरला पोहोचतो आणि मग दगडावरच्या. दगडाच्या पोटातील तड्याचा आवाज आधी दगडावरच्या सेन्सरला पोहोचतो. ज्या स्पंदात पहारेकरी पहिला असेल तो यादीतून काढून टाकावा. चार वाहिन्यांचे उपकरण असेल तर त्यातील दोन वाहिन्या पहाऱ्याला देणे अनेकांना उधळपट्टी वाटते. माझे मत स्पष्ट आहे: दगडावर चार सेन्सर आणि पहारा शून्य, यापेक्षा दगडावर दोन आणि पहाऱ्यावर दोन ही मांडणी नेहमीच चांगली.

प्लेट आणि दगड यांच्यामध्ये टेफ्लॉनचा पातळ पत्रा ठेवल्याने घर्षणाचे स्पंद कमी होतात. परंतु त्यामुळे टोकांना मिळणारा आडवा आधारही कमी होतो आणि नमुना तिरका फुटण्याऐवजी उभा चिरण्याकडे झुकतो. म्हणून पत्रा वापरला असल्यास त्याची जाडीसह नोंद करावी, आणि पत्र्यासह व पत्र्याविना झालेल्या चाचण्यांची आपसांत तुलना करू नये.

विजेच्या गोंगाटाने आम्हाला एकदा चांगलेच फसवले होते. आमची चाचणी-खोली त्या वेळी एका कारखान्याच्या भिंतीला लागून होती. पहिल्या काही कोअरमध्ये अगदी कमी लोडला शेकडो स्पंद आले, आणि जुन्या चिरा मिटत असल्याचे ते लक्षण आहे असे आम्ही समजलो. इतकेच नव्हे, तर तसे एका विद्यार्थ्याच्या अहवालातही लिहिले गेले. पुढे एका दुपारी नमुना ठेवलेलाच नसताना उपकरण चालू राहिले आणि स्पंद येतच राहिले. पलीकडच्या कारखान्यात चहाची सुट्टी झाली तेव्हा ते थांबले आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा सुरू झाले. भिंतीपलीकडची इंडक्शन फर्नेस आणि सदोष अर्थिंग यांचा तो परिणाम होता. तो अहवाल आम्ही मागे घेतला आणि सगळ्या चाचण्या नव्याने केल्या, पण त्या मुलाचे दोन महिने वाया गेले, याची खंत मला आजही वाटते.

तेव्हापासून लोड देण्यापूर्वी पंप चालू ठेवून पण नमुन्यावर भार न देता दहा मिनिटे कोरी नोंद घेण्याचा नियम आम्ही पाळतो. विजेचा स्पंद ओळखण्याच्या खुणाही आहेत: तो सर्व वाहिन्यांवर एकाच क्षणी येतो, कारण विजेला दगडातून प्रवास करावा लागत नाही, त्याचा आकार प्रत्येक वेळी सारखा असतो, आणि दोन स्पंदांमधील अंतर ठरावीक असते. सेन्सरचे धातूचे आवरण मशीनच्या धातूला लागू देऊ नये, केबल शिल्डेड असावी, आणि अर्थिंग एकाच ठिकाणी जोडावे. हे सर्व करूनही गोंगाट हटला नाही तर शेजारचे काम बंद झाल्यावर, रात्री चाचणी घ्यावी.

लोड देणे

काँक्रीटच्या क्यूबसाठी आयएस ५१६ नुसार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हा वेग ठरलेला आहे. दगडाच्या कोअरसाठी नमुना पाच ते दहा मिनिटांत फुटेल असा वेग धरावा. ध्वनिउत्सर्जनाच्या दृष्टीने संथ वेग बरा, कारण अखेरच्या टप्प्यात स्पंद एकमेकांवर चढतात आणि उपकरण दोन-तीन स्पंदांना एकच मानते. लोड आणि स्पंद यांची घड्याळे एकच असावीत. लोड सेलची (लोड मोजणाऱ्या सेन्सरची) वाहिनी त्याच नोंदणी-यंत्रात घ्यावी, वहीत हाताने वेळ लिहून नंतर जुळवू नये.

फुटण्याच्या क्षणाचा धोका नीट समजून घ्यावा. १५० मेगापास्कल सामर्थ्याच्या ५४ मिलिमीटर कोअरला फुटताना सुमारे ३४३ किलोन्यूटन लोड असतो. यंत्राच्या चौकटीची ताठरता मिलिमीटरला ५०० किलोन्यूटन धरली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ११८ जूल होते, म्हणजे १० किलोचे वजन १.२ मीटरवरून पडावे तितकी. दगडाची स्वतःची साठलेली ऊर्जा, त्याचा लवचीकतेचा गुणांक ६० गिगापास्कल मानल्यास, जेमतेम ४६ जूल भरते. चौकटीतील ती सगळी ऊर्जा एका क्षणात दगडावर सुटते आणि तुकडे गोळीसारखे उडतात. नमुन्याभोवती जाड पॉलिकार्बोनेटचा आडोसा असलाच पाहिजे आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. याबाबत कोणतीही सवलत देऊ नये. सेन्सर महाग असतात. ते वाचवायचे असतील, तर प्रत्येकाखाली फोमचा तुकडा पसरून ठेवावा आणि केबलला थोडा ढिला वळसा द्यावा.

नोंद वाचणे

पहिला आलेख लोड आणि स्पंदांची एकूण बेरीज यांचा काढावा. शांततेची सपाट रेषा जेथे वर वळते, ती तडे सुरू झाल्याची जागा. ती नजरेने न ठरवता, खोट्या नमुन्याच्या आलेखाशी ताडून ठरवावी.

दुसरे साधन बी-मूल्य. लहान भूकंप पुष्कळ आणि मोठे भूकंप थोडे, हे प्रमाण एका ठरावीक उताराने घटते, हे गुटेनबर्ग आणि रिक्टर यांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातील भूकंपांवरून मांडले. हा उतार म्हणजेच बी-मूल्य. तोच उतार प्रयोगशाळेतील दगडाच्या तड्यांनाही लागू पडतो, हे जपानमध्ये मोगी यांनी १९६२ मध्ये आणि त्यानंतर १९६८ मध्ये शोल्झ यांनी दाखवले. दाब वाढत गेला की बी-मूल्य घटते, म्हणजे लहान स्पंदांच्या मानाने मोठ्यांचा वाटा वाढतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात आजही सांगितला जातो, अशा आपल्या भागातील वाचकांना हा दुवा जवळचा वाटेल. कित्येक किलोमीटरच्या प्रस्तरभंगाला आणि हातात मावणाऱ्या कोअरला एकच गणित लागू व्हावे, ही मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. तरीही कोअरमध्ये बी-मूल्य घटताना दिसले म्हणून जमिनीवरील भूकंपाचे भाकीत करता येते, असा निष्कर्ष काढू नये.

हे मूल्य काढायला सोपे आहे. स्पंदांच्या उंचीच्या डेसिबलला २० ने भागले की भूकंपाच्या परिमाणासारखी मोजपट्टी मिळते. त्या मोजपट्टीवर सरासरी आणि किमान यांच्यातील फरकाने ०.४३४ ला भागावे. उंची पूर्ण डेसिबलमध्ये नोंदत असल्यास किमान आकड्यातून अर्धा डेसिबल वजा करावा. उदाहरणादाखल, किमान ४५ आणि सरासरी ५३ डेसिबल असेल तर फरक ८.५ डेसिबल, त्याला २० ने भागून ०.४२५, आणि बी-मूल्य १.०२. अखेरच्या टप्प्यात सरासरी ५८ झाली तर फरक १३.५, भागून ०.६७५, आणि बी-मूल्य ०.६४. या मूल्यातील त्रुटी अंदाजे बी-मूल्याला स्पंदसंख्येच्या वर्गमुळाने भागून येते; १०० स्पंदांवर ती १० टक्के असते. म्हणून २०-३० स्पंदांच्या गटावरून काढलेल्या चढउतारांना अर्थ देऊ नये. किमान पातळीदेखील अशी घ्यावी की तिच्या वरचा एकही स्पंद नोंदीतून सुटलेला नसेल.

तिसरी गोष्ट कायझर परिणामाची. म्युनिकमध्ये योझेफ कायझर यांनी १९५० च्या प्रबंधात दाखवले की, पदार्थाला एकदा दिलेला लोड काढून पुन्हा दिला, तर आधीची कमाल पातळी येईपर्यंत तो जवळजवळ गप्प राहतो. हे स्वतः करून पाहण्यासारखे आहे. अपेक्षित सामर्थ्याच्या ५० टक्क्यांपर्यंत लोड न्यावा, उतरवावा, आणि पुन्हा चढवावा. दुसऱ्या चढाईत आधीच्या कमाल पातळीच्या आधीच स्पंद सुरू झाले, तर दोन शक्यता असतात: दगडाला बरीच इजा झालेली आहे, किंवा आपण प्लेटचे घर्षण मोजत आहोत. प्लेटच्या घर्षणाला स्मरणशक्ती नसते, ते प्रत्येक चढाईत तेवढेच येते; त्यामुळे ही चाचणी नोंदीची उत्तम परीक्षा ठरते. अखेरच्या सामर्थ्याच्या ७०-८० टक्क्यांपलीकडे मात्र खरा दगडही आधीच बोलू लागतो.

घरी किंवा शाळेत करायचे असल्यास

महागडी उपकरणे नसली तरी याची ओळख करून घेता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरसाठी मिळणारी २७ मिलिमीटरची पितळी पिझो-चकती, एक मेगाओहम इनपुट असलेला साधा ऑप-अँप बफर आणि संगणकाचे साउंड-कार्ड एवढे पुरते. साउंड-कार्ड सेकंदाला १,९२,००० नमुने घेणारे असले, तरी ९६ किलोहर्ट्झच्या वरचे काही हाती लागत नाही आणि दोन नमुन्यांमधील ५ मायक्रोसेकंदांत लहर बेसॉल्टमध्ये अडीच सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणून या साधनाने स्पंद मोजावेत, त्यांची जागा शोधू नये. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण कमी होते. पंखा आणि ट्यूबलाइट बंद करावी आणि मोबाइल फ्लाइट-मोडवर ठेवावा.

लोडसाठी बेंच-व्हाइस वापरू नये, कारण तिचा आटा फिरताना करकरतो. त्याऐवजी एक मीटरची मजबूत तरफ घ्यावी; टेकूपासून १० सेंटिमीटरवर नमुना आणि टोकाला बादली टांगावी. बादलीत १० लिटर पाणी भरले की नमुन्यावर सुमारे ९८० न्यूटन दाब येतो. पाणी वरून ओतू नये. बारीक नळीचे तोंड बादलीच्या तळाशी, आधी घातलेल्या पेलाभर पाण्यात बुडवून ठेवावे, म्हणजे पाणी निःशब्द चढते. वाळू वापरली तर तिची सळसळ नोंदीत येते. तरफेखाली विटांचा आधार रचून ठेवावा, म्हणजे नमुना मोडल्यावर ती हातापायावर पडणार नाही.

नमुना म्हणून खडूचा २० मिलिमीटरचा तुकडा घ्यावा किंवा लोणारी कोळशाचा घासून चौकोनी केलेला खडा घ्यावा. स्टीलच्या पेल्यात चुरमुरे भरून वर लाकडी ठोकळा ठेवून दाबले तरी चालते, आणि माझ्या अनुभवात मुलांना सर्वांत जास्त शिकवणारा नमुना हाच ठरला. कुरकुरीत चुरमुरे दाबताना नोंदीत शेकडो टोकदार स्पंद उमटतात. तेच चुरमुरे जुलैच्या हवेत तासभर उघडे ठेवून सादळू दिले, तर तितक्याच दाबाखाली ते तितकेच चेपतात, पण नोंद जवळजवळ कोरी राहते. पदार्थ चेपणे आणि पदार्थ तडकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे पडद्यावरच दिसते.

मोडलेला प्रत्येक नमुना, मग तो बेसॉल्टचा असो की खडूचा, तुकड्यांसह पिशवीत भरून त्यावर तारीख, नोंदीच्या फाइलचे नाव आणि कोऱ्या नोंदीतील स्पंदांची संख्या लिहून ठेवावी. भेग कोणत्या उंचीवरून गेली ते नंतर पिशवी उघडून पाहता येते, आणि सेन्सरांनी दाखवलेली जागा तिच्याशी जुळते की नाही, हे त्याच टेबलावर पट्टी लावून मोजता येते.